पळताना कानात काय असावे?

गेल्या महिन्यात एका शिक्षक वाचकाचे पत्र आले. वय ४६. रक्तातील साखर काठावर आहे, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी रोज सावकाश पळण्याचा सल्ला दिला. तीन आठवडे ते नेमाने शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारत होते. चौथ्या आठवड्यात मात्र सकाळी अंथरुणातून पाय निघत नाही. गुडघे दुखत नाहीत, दमही फारसा लागत नाही, पण कंटाळा येतो. पत्रात त्यांनी जरा संकोचानेच विचारले आहे की, गाणी ऐकण्याचे एखादे छोटे यंत्र विकत घेतले तर चालेल का, आणि घ्यायचे तर कोणते? घरच्यांचे म्हणणे असे की, व्यायामाला गाणी कशाला हवीत, मनाचा निग्रह हवा.

यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. माझ्या दवाखान्यात व्यायाम सुरू करून सोडून दिलेली जी मंडळी येतात, त्यांतली पाय दुखले म्हणून थांबलेली थोडी आणि कंटाळा आला म्हणून थांबलेली जास्त. ही मंडळी कारण सांगताना 'वेळ मिळत नाही' असे सांगतात. थोडे खोदून विचारले की खरे कारण बाहेर येते. तीच ती फेरी, तेच ते गोलपोस्टाचे खांब, तोच पिंपळ, आणि घड्याळात पाहावे तर जेमतेम सात मिनिटे झालेली! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम करावा. हा आकडा एका आठवड्याचा आहे, आणि असे आठवडे पुढची वीस-तीस वर्षे यायचे आहेत. गोळी कितीही गुणकारी असली तरी डबीतच राहिली तर तिचा उपयोग काय? व्यायामाचेही तसेच आहे. तेव्हा कंटाळा हा एक खरा अडथळा आहे असे धरून त्यावर उपाय करावा, हे उत्तम.

श्रमाला गाण्याची जोड देणे हे काही नवे खूळ नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसत तेव्हा ओवी आपोआप ओठावर येई. पायलीभर दळण हा हलका व्यायाम नव्हे. मोट हाकणारा गडी गाणे म्हणे, बैलांच्या चालीशी त्याचा सूर जुळलेला असे. आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो, तो टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर. त्यात साठी-सत्तरी उलटलेली माणसे असतात, आणि त्यांतल्या अनेकांना एरवी बाजारापर्यंत चालत जा म्हटले तर रिक्षा आठवते. भक्तीचा भाग मोठा आहेच, पण ठेक्याचाही वाटा आहे.

हा वाटा मोजण्याचा प्रयत्नही जुना आहे. १९११ साली लेनर्ड एअर्स या अमेरिकन गृहस्थाने न्यूयॉर्कमधील सहा दिवसांच्या सायकल शर्यतीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा वेग वाढे आणि बँड थांबला की तो उतरे, असे त्याला आढळले. अलीकडच्या काळात लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कॉस्टास कारागिओर्गिस यांनी या एकाच विषयावर कित्येक वर्षे काम केले आहे. त्यासाठी वापरली जाणारी एक मोजपट्टी स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांनी तयार केली. ती अगदी साधी आहे. व्यायाम करणाऱ्याला विचारायचे, तुम्हाला किती श्रम वाटतात? उत्तर ६ ते २० या आकड्यांत द्यायचे. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता एक पाऊलही पुढे टाकणे शक्य नाही. हलक्या आणि मध्यम श्रमात कानावर गाणे असेल तर माणूस हा आकडा कमी सांगतो. फरक साधारण दहा टक्क्यांचा असतो. नाडीचे ठोके जवळपास तेवढेच, घामही तेवढाच, पण श्रम कमी वाटतात.

असे का होते? पळताना शरीराकडून मेंदूकडे सारखे निरोप जात असतात. पोटऱ्या भरल्या, श्वास वाढला, घशाला कोरड पडली. मेंदूचे लक्ष एका वेळी मर्यादित गोष्टींवरच राहू शकते. गाण्याने त्यातला काही भाग व्यापला की निरोप पोहोचतात, पण मागच्या बाकावर बसतात. मात्र श्रम फार वाढले, दम लागून बोलणे अशक्य झाले, की हे निरोप इतके जोरात येतात की गाणे बाजूला पडते. म्हणून जोराच्या पळण्यात गाण्याने श्रम कमी वाटत नाहीत. तेथे त्याचा उपयोग झालाच तर ठेका धरण्यापुरता होतो. इथिओपियाचे थोर धावपटू हैले गेब्रसेलासी यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे बंदिस्त मैदानावर २००० मीटरचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्यांच्या विनंतीवरून ध्वनिक्षेपकावर 'स्कॅटमॅन' हे गाणे लावले होते. त्या गाण्याच्या ठेक्याशी त्यांची पावले जुळत असत.

येथेच पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना एक सांगतो. तुमची परीक्षा मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर. ते पळणे जोराचे असते, आणि भरतीच्या मैदानात कानाला काही लावू देत नाहीत. रोज गाण्यावर पळायची सवय लावून घेतलीत तर त्या दिवशी पाय चाचपडतील. वेळ लावून पळण्याचा सराव गाण्याविना करा. आठवड्यातून एखाद्या दिवशी सावकाश लांब पळता, त्या दिवशी ऐका.

आमच्या शिक्षकांसारख्या चाळिशी ओलांडलेल्या वाचकांसाठी याच गोष्टीची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. गाण्याने श्रम कमी वाटतात, कमी होत नाहीत. हृदयाला तेवढेच काम पडते. ज्याला मधुमेह किंवा रक्तदाब आहे, वजन जास्त आहे, किंवा जो बिडी-सिगारेट ओढतो, त्याच्या बाबतीत शरीराचे निरोप मागच्या बाकावर बसवणे धोक्याचे ठरू शकते. छातीवर दाब आल्यासारखे वाटणे, जबडा किंवा डावा हात भरून येणे, श्रमाच्या मानाने भलताच दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांतले काहीही झाले तर 'हे कडवे संपेपर्यंत' असे म्हणू नये. तेथेच थांबावे आणि उशीर न करता डॉक्टर गाठावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी अचानक थरथर आणि गार घाम सुटला तर थांबून साखर तोंडात टाकावी. पळताना खिशात ती असावीच.

श्रम बेताचे आहेत की नाहीत हे ओळखण्याची एक घरगुती कसोटी आहे. पळताना गाणे म्हणता येत असेल तर श्रम हलके. बोलता येते पण गाता येत नाही, तर श्रम मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागते, तर श्रम जोराचे. पहिले दोन-तीन महिने मधल्या पायरीवर राहावे. कानात गाणे वाजत असताना आपलाच श्वास आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी यंत्र थांबवून एखादे वाक्य मोठ्याने बोलून पाहावे. लोक हसतील. हसू द्यावे.

आता कानाविषयी. खरेदीच्या वेळी दुकानदार या गोष्टी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण १५ हजार. आवाजाच्या लहरींनी हे तंतू हलतात, आणि त्यातून मेंदूला संदेश जातो. वाऱ्याने जोंधळ्याचे पीक डोलावे तसे. वारा बेताचा असला तर पीक पुन्हा उभे राहते. वादळ झाले तर आडवे होते. शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा पेरू शकतो, या पेशींची मात्र पेरणी जन्मात एकदाच होते. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही, आणि तिला उगवायला लावणारे औषध आज दवाखान्यात मिळत नाही.

हानी किती होणार हे दोन गोष्टींवर ठरते. आवाज किती मोठा, आणि किती वेळ. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. यात गंमत अशी की, नुसते ३ डेसिबल वाढले तरी आवाजातील ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालेल. ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. आता हिशेब करा. रोज पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस पळलात आणि आवाज ९० वर ठेवलात, तर पावणेचार तास झाले. संपूर्ण आठवड्याचा कोटा मैदानावरच संपला. मग एस.टी.तला प्रवास, रात्री अंथरुणात पडून ऐकलेली गाणी, गल्लीतला गणपतीचा ध्वनिक्षेपक आणि लग्नाची वरात, हे सारे उधारीवर. आणि उधारी देणारा कान आहे.

डेसिबल मोजायचे यंत्र घरी नसते, म्हणून सोपी खूण सांगतो. यंत्राचा आवाज जास्तीत जास्त जितका होतो, त्याच्या साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा. हातभर अंतरावर उभा असलेला माणूस साध्या आवाजात बोलला तर ते कळले पाहिजे. गाणे बंद केल्यावर कानात 'कुंईं' असा आवाज येत असेल, किंवा कानात कापूस घातल्यासारखे वाटत असेल, तर त्या दिवशी आवाज नक्कीच जास्त होता. ही खूण काही तासांत जाते, म्हणून लोक ती विसरतात. वारंवार तसेच होत राहिले तर सुरुवातीला बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे नीट लागत नाहीत, लहान मुलांचे बोलणे कळत नाही, आणि माणूस म्हणतो की हल्ली सगळे पुटपुटतात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातील ११० कोटी तरुणांच्या श्रवणशक्तीला मोठ्या आवाजापासून धोका आहे असे जाहीर केले, त्यात कानात लावायच्या यंत्रांचा वाटा मोठा होता.

कान सांभाळायचा तर आवाज लहान ठेवा, हे सांगायला सोपे आहे. अडचण रस्त्यावर येते. आपल्याकडे पळायला स्वतंत्र जागा असतेच असे नाही. जिल्ह्याच्या गावी क्रीडा संकुल असते, तालुक्याला असले तर त्याला कुलूप असते. लोक मग बायपासवर किंवा राज्य महामार्गाच्या कडेने पळतात. शेजारून ट्रक गेला की गाणे ऐकू येत नाही, मग अंगठा आवाज वाढवतो. ट्रक निघून जातो, वाढवलेला आवाज तसाच राहतो. यावर उपाय म्हणून कानात घट्ट बसणारी रबरी बोंडे घ्यावीत, तर बाहेरचा गोंगाट थांबतो आणि लहान आवाजात गाणे ऐकू येते. कानाच्या दृष्टीने ही बोंडे चांगली. पण गोंगाटाबरोबर मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगाही थांबतो. कानाला जे सोयीचे, तेच रस्त्यावर जिवावर बेतणारे. या विषयातला खरा पेच हा आहे, आणि यंत्र निवडताना तो आधी सोडवायचा.

जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ भल्या सकाळी रस्त्याच्या कडेने व्यायाम करणाऱ्या तरुणांना बसने उडवले आणि पोलीस भरतीची तयारी करणारी तीन मुले गेली. त्यांच्या कानांत काही होते असे मला मुळीच सुचवायचे नाही. सांगायचे इतकेच की, पहाटेच्या अंधुक उजेडात आपल्या रस्त्यांवर पळणे हे कान उघडे असतानाही जोखमीचे आहे. मग ते बंद करून का पळायचे? आता विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आल्या आहेत. त्यांचा आवाज जवळजवळ नसतोच, टायरची बारीक सळसळ तेवढी येते. भटकी कुत्री अंगावर येण्याआधी गुरगुरतात, तेही ऐकू यावे लागते. एकट्या पळणाऱ्या बायकांना मागे पावले वाजतात का हे कळणे किती गरजेचे आहे, ते त्यांना मी सांगायला नको.

काही जण म्हणतात, आम्ही एकाच कानात घालतो. काहीच न करण्यापेक्षा हे बरे, पण पुरेसे नाही. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या आवाजाची तुलना करून ठरवतो. एक कान गाण्यात गुंतला तर भोंगा ऐकू येतो, पण तो डावीकडून की उजवीकडून हे चटकन कळत नाही, आणि माणूस नेमका वाहनाच्या वाटेत उडी घेतो. शिवाय एकाच कानाने ऐकताना गाणे लहान वाटते म्हणून आवाज वाढवला जातो.

तेव्हा आधी जागा ठरवा, मग यंत्र. बंद मैदान, क्रीडा संकुल किंवा व्यायामशाळेतला पळण्याचा पट्टा असेल तर रबरी बोंडांचे इअरफोन बिनधास्त घ्या, आवाज लहान ठेवा. रस्त्यावर पळायचे असेल तर कानाचे भोक मोकळे ठेवणारेच साधन घ्या. अशी साधने आता मिळतात. एका प्रकारात छोटा ध्वनिक्षेपक कानाच्या बाहेर लटकतो. दुसऱ्या प्रकारात कानापुढच्या हाडावर एक गोटी टेकते आणि हाडाच्या कंपनातून आवाज आत पोहोचतो. यात गाण्याचा खर्ज फारसा भरीव वाटत नाही. शौकिनांना ते आवडणार नाही, पण आपण येथे मैफलीला बसलेलो नाही. एक गैरसमज मात्र काढून टाकतो. हाडातून गेलेला आवाजही शेवटी त्याच शंखातल्या त्याच पेशींना हलवतो, म्हणून लहान आवाजाचा नियम येथेही लागू आहे. आजूबाजूचा आवाज कापून टाकणारे म्हणून जे महागडे इअरफोन विकतात, ते रेल्वेच्या प्रवासात छान. रस्त्यावर त्यांची ती सोय बंद ठेवावी.

गाणी वाजवणाऱ्या यंत्राची निवड त्या मानाने सोपी आहे. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा पहिला वॉकमन विक्रीला आला, तो सुमारे ३९० ग्रॅमचा होता. त्यावर एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे हळू होई आणि बाहेरचे बोलणे ऐकू येई. म्हणजे कान सगळा झाकू नये हे पहिल्याच वॉकमनच्या कर्त्यांना सुचले होते! कॅसेटच्या वॉकमनचे जपानमधील उत्पादन २०१० साली थांबले. मधल्या काळात तबकडीची यंत्रे आली, ती पळताना हिसक्याने अडखळत. ॲपल कंपनीचा आयपॉड २००१ मध्ये आला, त्यात फिरती तबकडी होती. त्याच कंपनीने २००५ मध्ये अवघ्या २२ ग्रॅमचा शफल काढला. त्यात फिरणारा एकही भाग नव्हता, म्हणून पळणाऱ्यांना तो फार आवडला. आयपॉडची सगळी मालिका २०२२ मध्ये बंद झाली. आज दुकानात कोणी 'नवा आला आहे' म्हणून दाखवला तर समजून जावे.

आज बहुतेक जण मोबाईलवरच ऐकतात. वेगळा खर्च नाही, ही त्याची जमेची बाजू. पण हातात धरून पळायला तो वाईट. पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचे वजन एकाच हातात असले की तो हात कमी हलतो, खांदा आखडतो, आणि काही दिवसांत मान धरते. न्यायचाच असेल तर कमरेच्या पट्ट्यात ठेवावा. दुसरा दोष वजनाहून मोठा आहे. फोन वाजतो, निरोप येतो, माणूस चालता चालता वाचू लागतो, आणि पाऊण तासातली वीस मिनिटे अशीच जातात.

म्हणून माझी पसंती शर्टाला चिमट्याने अडकवायच्या छोट्या एमपी-थ्री यंत्राला आहे. साधी यंत्रे हजार रुपयांच्या आत मिळतात. घेताना पाच-सहा गोष्टी पाहाव्यात. बटणे खरी, दाबायची असावीत आणि न बघता बोटांना ओळखू यावीत. घामेजल्या बोटांना काचेचा पडदा दाद देत नाही. आवाज कमी करायचे बटण चटकन सापडले पाहिजे, दुकानातच डोळे मिटून सापडते का पाहा. मेमरी कार्ड बसत असावे. वायरचे यंत्र असेल तर वायर शर्टाच्या आतून नेण्याइतकी लांब असावी. घाम आणि पावसाच्या शिंतोड्यांपासून बचाव आहे का, हे खोक्यावर 'आयपीएक्स ४' किंवा त्याहून मोठ्या आकड्याने लिहिलेले असते. आकडा नसेल तर पावसाळ्यात यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावे. हाडावर टेकणारे किंवा बिनवायरीचे साधन जोडायचे असेल तर यंत्रात ब्लूटूथ हवे. हे आधी विचारावे, नाहीतर दोन्ही वस्तू घरी येतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

एफएम रेडिओ असेल तर फारच छान. अशा छोट्या यंत्रांत इअरफोनची वायरच अँटेनाचे काम करते, म्हणून वायर काढली की स्टेशन जाते, यंत्र बिघडलेले नसते. आकाशवाणी ऐकत पळण्यात एक फायदा आहे. पुढचे गाणे कोणते येणार हे माहीत नसते, आणि कंटाळ्याला ते अर्धे औषध आहे. ज्यांना खर्चच करायचा नाही त्यांनी घरातला जुना, बाजूला टाकलेला फोन शोधावा. सिम काढून त्यात गाणी भरली की झाले यंत्र. तो वाजत नाही आणि कोणी निरोपही पाठवत नाही.

गाणी कोणती भरावीत? आवडती. हा पहिला नियम, आणि कारागिओर्गिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची गाणी व्यायामाला मानवतात असे म्हटले आहे, हा दुसरा. ठोके मोजायला १५ सेकंद टाळी धरावी आणि आकड्याला चारने गुणावे. ३० ते ३५ टाळ्या पडल्या की गाणे कामाचे. लेझीम, ढोल-ताशा, जलद चालीचे अभंग, जुन्या हिंदी चित्रपटांतली टांग्याची गाणी, पुष्कळ सामग्री आहे. संथ भावगीते पळून झाल्यावर श्वास खाली आणण्यासाठी ठेवावीत. सगळ्याच गाण्यांच्या ठेक्यावर पाऊल टाकण्याचा हट्ट मात्र करू नये. उतारावर जलद गाणे लागले की माणूस भलताच धावतो आणि गुडघा कुरकुरतो.

पहिली पाच मिनिटे चालावे, कान मोकळे. मग गाणी सुरू करावीत, आणि मिनिटे मोजण्यापेक्षा गाणी मोजावीत. आज पाच गाणी, पुढच्या आठवड्यात सहा. घड्याळाकडे पाहण्याची खोड यातून बरीच कमी होते. रस्ता ओलांडताना, पुलावर, वळणावर आणि वस्तीतून जाताना यंत्र बंद. पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने पळावे, म्हणजे समोरून येणारे वाहन डोळ्यांना दिसते. फिकट रंगाचा सदरा घालावा. आठवड्यातून एक दिवस यंत्र घरी ठेवावे आणि कोणाला तरी बरोबर न्यावे. गप्पांसारखे कंटाळ्यावर दुसरे औषध नाही, फक्त त्याला सकाळी सहाला उठवावे लागते.

कानात घालायची बोंडे रोज कोरड्या फडक्याने पुसावीत. घाम आणि दमटपणा कानात कोंडला की बुरशी धरते. पावसाळ्यात कानाला खाज, जडपणा आणि काळपट-पांढरी घाण घेऊन येणाऱ्या रुग्णांत हल्ली इअरफोनवाले पुष्कळ असतात. एकाची बोंडे दुसऱ्याने वापरू नयेत, नवरा-बायकोनेही नाही. कानातला मळ बोंडांनी आत ढकलला जातो, तो काडीने किंवा पिनेने काढू नये. ज्यांच्या कानातून पाणी किंवा पू येतो, ज्यांच्या पडद्याला भोक आहे, त्यांनी कानात घालायचे कोणतेही साधन वापरू नये. त्यांना हाडावर टेकणारे चालेल, पण आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला कान दाखवून घ्यावा.

पळणे सुरू केल्यावर सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखते, अशीही पाच-सहा पत्रे आली आहेत. त्यांची उत्तरे पुढच्या आठवड्यात.